नाव शेवटी सांगणाऱ्या बाई

शिक्षकाला गप्प बसवणं म्हणजे वाहत्या नळाला बोट लावून पाणी थोपवणं. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फवारा उडतो आणि दाबणाऱ्याचाच सदरा भिजतो. बाईंनी आयुष्यभर तेवढा एकच धंदा केला. त्या शिक्षकांना गप्प बसायला शिकवायच्या.

कागदावर त्यांच्या वर्गाचं नाव भलतंच लांब होतं. मुलांना वन्यजीव आणि पर्यावरण कसं शिकवावं याचं शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण, असं काहीसं. आसपासच्या शाळांतून मास्तर आणि मास्तरणी महिन्याभरासाठी तिथं धाडल्या जायच्या. कुणी हौसेनं यायचं, कुणाला मुख्याध्यापकांनी पीडा टळावी म्हणून पाठवलेलं असायचं. आमच्या तुकडीत असे पाठवलेलेच जास्त होतो.

जागा म्हणाल तर बंद पडलेल्या छापखान्याच्या मागची एक लांबट पत्र्याची खोली. आत फळा, चार बाक, एक माठ, आणि भिंतीतल्या खिळ्यांना दोरीनं लटकवलेली भिंगं. वाघाचं चित्र नाही, हत्तीचा तक्ता नाही, बरणीत घालून ठेवलेला साप नाही. आम्ही पहिल्या दिवशी चारी भिंती बघितल्या आणि मनात म्हटलं, चुकीच्या पत्त्यावर आलो. खोलीमागं अंगण होतं, आणि त्या अंगणाला केरसुणी कधी लागलीच नव्हती. घोटाभर पाचोळा, कुजलेला ओंडका, उलट्यापालट्या पडलेल्या विटा, गुडघ्याएवढं रान. एखाद्या आळशी माणसाच्या घरामागं असावं तसं.

बाईंनी हजेरी घेतली नाही. प्रत्येकाच्या हातात सुतळीचं एकेक कडं दिलं, परातीएवढं. म्हणाल्या, अंगणात हवं तिथं टाका, कडेला बूड टेका, आणि चहा होईपर्यंत आत काय चाललंय ते बघा. तोंड उघडायचं नाही.

आम्ही बसलो. मुंग्या चावल्या, गुडघे अवघडले, एकमेकांकडे बघून भुवया उडवून झाल्या. चहाला उठल्यावर एकजात सगळ्यांनी सांगितलं की आमच्या कड्यात काहीच नाही.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग उद्या परत बघा, काहीच नाही ते.”

अशा होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पायात पुरुषी चपला, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. वाकलेला माणूस आपसूक जमिनीकडे बघतो, एवढंही त्या कामाला लावायच्या.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आम्हाला दिसायला लागलं. म्हणजे ते आधीपासून होतंच, आमचे डोळे उशिरा आले. बालवाडीच्या एका बाईंच्या कड्यात गोगलगाय निघाली. ती पानाच्या कडेनं इतकी सावकाश फिरायची की बालवाडीच्या बाई तिला म्हातारी म्हणायला लागल्या, आणि सकाळी आल्या आल्या म्हातारी कुठवर गेली ते पाहिल्याशिवाय पदर खोचायच्या नाहीत. माझ्या कड्यात एक कोळी होता. तो जाळं विणत नसे, पाचोळ्याच्या दाराशी राखणदारासारखा बसून असे. मी तीन वेळा नोकरी बदललेला माणूस; एका जागी एवढं बसता येतं हे मला त्यानं दाखवलं.

बाईंचा सगळ्यात कडक नियम नावाचा. मुलाला नाव शेवटी सांगायचं. मूल विचारतं, हे काय आहे? तुम्ही म्हणता, मुंगळा. झालं, त्याचं बघणं तिथंच संपलं, पाटी पुसली गेली. त्यापेक्षा त्यालाच विचारा, ते काय करतंय? कुठनं आलं? तुला काय वाटतं, कुठं निघालंय? मुलाला पोटभर बघू द्या, स्वतःचं एखादं नाव ठेवू द्या, आणि मगच तुमच्याकडचं नाव बाहेर काढा. ऐकायला सोपं आहे. करून बघा. शिक्षकाच्या जिभेवर उत्तर आलं की ते गिळताना घशात खरोखर दुखतं.

हे त्यांना कुठून सुचलं, तर बापाकडून. बाप धान्याच्या गोदामात धुरी देणारा. उंदीर, घुशी, सोंडे, पोरकिडे मारायचं त्याचं काम. पोरगी डबा घेऊन जायची आणि बाप तिला पोत्यांच्या थप्पीशी उभी करून विचारायचा, सांग, आत कोण आहे? वास घे, कान लाव, भुकटी बघ. मारायचं तर आधी त्याचं घर, दार, येण्याजाण्याची वेळ कळली पाहिजे. बापाला त्या जिवांबद्दल माया होती असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. “मारायसाठी तेवढं बघत होता. मी म्हटलं, नुसतं बघण्यासाठी तेवढं का बघू नये,” एवढंच.

घरी नवरा शिलाई यंत्रं दुरुस्त करी. पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. एकदा बाईंनी चहाला नेलं तेव्हा तो आम्हाला तक्रार सांगू लागला. त्याच्या कामाच्या दिव्याखाली एका पालीनं बस्तान ठोकलं होतं आणि बाई तिला हलवू देत नव्हत्या. गिऱ्हाईक बायका दारातनंच यंत्र आत ढकलून पळतात, म्हणाला. “घरात माझ्या सासुरवाडीचे लोक बरे. निदान जेवून जातात तरी.” बाई कपबशा विसळत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. फक्त म्हणाल्या की तिनं परवाच शेपटी टाकलीय, आता तर ती कुठंच जायची नाही. नवऱ्यानं आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

तर आमचा महिना संपत आला आणि वरून निरोप आला. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ठेवायला कचेरीला जागा हवी होती आणि कुणाच्या तरी नजरेत ही पत्र्याची खोली भरली होती. शिवाय मास्तरांना महिनाभर अंगणात बसवून ठेवण्यानं काय साधतं, असाही सवाल निघाला होता. साहेब स्वतः येणार, शाळेतली खरी मुलं आणून एक पाठ घ्यायचा, तो बघणार, आणि ठरवणार. त्यांना त्यात काही दिसलं तर वर्ग चालू. नाही दिसलं तर आमची तुकडी शेवटची. असं प्रशिक्षण आसपास दुसरं कुठंच नव्हतं, त्यामुळे इथं बंद म्हणजे बंदच.

बाई हे सांगताना भिंगं पुसत होत्या. पुसून झालेलं भिंग त्यांनी पुन्हा पुसायला घेतलं, त्यावरनं काय ते कळलं.

पाठ कुणी घ्यायचा यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली भोंगागुरुजींची. भोंगागुरुजी म्हणजे मोठ्या मनाचा, मोठ्या पोटाचा आणि गिरणीच्या भोंग्याच्या आवाजाचा माणूस. त्यांच्या वर्गातला पाढा पलीकडच्या शाळेतली पोरं म्हणतात, अशी ख्याती. महिनाभरात सगळ्यांची जीभ थोडीफार काबूत आली होती, त्यांची तेवढी राहिली होती. सरावाच्या पाठात आमच्यातल्या पोर झालेल्यानं बोट दाखवायच्या आत ते नाव, खाणं, आयुष्य आणि उपयोग सांगून मोकळे व्हायचे, वर घाम पुसत बाईंकडे ओशाळं बघायचे. कुणीतरी सुचवलं, बाई, चिठ्ठी परत टाकू. बाई म्हणाल्या, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते, पण नवऱ्याला ताप होता म्हणून बाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

पुढं जे घडलं ते शिक्षकांच्याच हातून घडू शकतं. शाळेत साहेब येणार म्हटल्यावर मास्तर काय करतो? झाडून काढतो. चुना ओढतो. आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून हेच वळण. साहेब येणार, लहान मुलं येणार, आणि हा असला उकिरडा दाखवायचा? भोंगागुरुजींनी धोतर वर खोचावं तशी विजार दुमडली आणि आम्ही सगळे कामाला लागलो. मनापासून लागलो हो. बाईंचा वर्ग वाचवायचाय, याच एका ध्यासानं. रान उपटलं. पाचोळा ओढून ढीग केला. ओंडका चौघांनी उचलून कुंपणाबाहेर टाकला. विटा रांगेत लावून त्यांना चुना फासला. ढिगाला काडी लावली. शेवटी पाणी शिंपडून अंगण असं चापूनचोपून केलं की ताट मांडून जेवावं. आम्ही कमरेवर हात ठेवून बघितलं आणि एकमेकांना शाबासकी दिली. त्या क्षणी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी बाई आल्या. मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चपला काढल्या, पायरीवर बसल्या, बराच वेळ त्या सपाट जमिनीकडे बघत राहिल्या.

“रोज बघत होतात की,” त्या म्हणाल्या. “कोण कोण राहतं इथं, माहीत होतं ना तुम्हाला?”

तेव्हा कुठं आम्हाला उमगलं आपण काय केलं ते. माझा दाराशी बसणारा कोळी, कुणाची वाळवी, कुणाचे भुंगेरे, सगळे आम्हीच ढिगात लोटले होते, ज्यांची नावं न विचारता आम्ही महिनाभर ज्यांच्या दाराशी बसलो ते. बालवाडीच्या बाई काटकी घेऊन राखेपाशी उकिडव्या बसल्या आणि म्हातारीला शोधू लागल्या. त्यांना रिकामं शंखाचं टरफल सापडलं, ते त्यांनी रुमालात बांधलं. भोंगागुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

रडायला वेळ नव्हता. बाहेर गाडी वाजली.

साहेब उंच, इस्त्रीचे, घाईतले. अंगण बघून मात्र खूश झाले. स्वच्छता चांगली ठेवलीय, म्हणाले. बाईंनी मान हलवली. मागनं मुलं आली, आठ-नऊ वर्षांची, रांगेत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. भोंगागुरुजींनी कडी वाटली. मुलांनी उघड्या जमिनीवर कडी टाकली आणि बसली. कड्यात माती होती. नुसती माती. आम्ही महिनाभरापूर्वी खोटं बोललो होतो ते आज खरं झालं होतं, काहीच नव्हतं. पोरं चुळबुळ करू लागली. एकानं दुसऱ्याच्या कानात फुंकर मारली. साहेबांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं, मग खोलीच्या पत्र्याकडे, मग खोलीच्या लांबीकडे. गठ्ठे किती मावतील याचा अंदाज चालला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

इतक्यात दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, हे बघा कायतरी ओढत आणतंय.”

कुंपणाकडून, त्या चापून बसवलेल्या मोकळ्या जमिनीवरून, गांधीलमाशीच्या गोतातली एक माशी चालत येत होती. अंग काळं, पोटावर तांबडा पट्टा, कंबर सुईतल्या दोऱ्याएवढी. तिच्या पायांखाली तिच्याहून लांब, तिच्या तिप्पट जाड अशी हिरवी अळी होती. अळी हलत नव्हती. माशी तिच्या मानेला धरून, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून, ओढत होती. थांबायची, दम घ्यायची, परत ओढायची. पाचोळा असता तर ती आम्हाला जन्मात दिसली नसती. आता त्या बोडक्या जमिनीवर ती लांबूनही दिसत होती.

भोंगागुरुजींनी तोंड उघडलं. आम्ही डोळे मिटले. पण त्यांनी फक्त गुडघे टेकले, मग हात, मग ते मोठं पोट जमिनीला लावलं, आणि असा माणूस आडवा झाल्यावर पोरंही भराभर आडवी झाली.

माशी त्या मुलीच्या कड्यात शिरली. एका जागी अळी ठेवली. तिथं आम्हाला काहीच दिसत नव्हतं. तिनं मात्र तोंडानं एक खडा उचलून बाजूला टाकला, आणि खाली भोक निघालं. बोरूनं पाडावं तसं गोल, सरळ खाली गेलेलं. आदल्या सांजेला आम्ही झाडलेल्या जमिनीत तिनं सकाळीच घर खणलं होतं, वर दगडाचं झाकण लावलं होतं, आणि इकडं आम्ही पायरीशी माना खाली घालून उभे होतो. ती आत गेली. उलटी फिरून डोकं बाहेर काढलं, अळीला धरलं आणि मागं मागं सरकत आत ओढून नेलं. एवढी अळी एवढ्याशा भोकात सुळकन उतरली.

साहेब आधी उभे होते, मग वाकले, मग गुडघ्यावर आले. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

माशी बाहेर आली आणि माती भरू लागली. मागच्या पायांनी कुत्रं उकरतं तशी भराभरा माती लोटली. भोक भरलं. आता उडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती उडाली नाही. इकडंतिकडं हिंडली, एक खडा उचलून बघितला, टाकला; दुसरा उचलला, तोही टाकला; तिसरा पसंत पडला. तो तोंडात घट्ट धरून भोकावर आली आणि त्या खड्यानं माती ठोकायला लागली. अंग थरथरवून, बारीक झिंग आवाज काढत, ठोक ठोक ठोक. जरा थांबून बघायची, भुसभुशीत राहिलेल्या जागी सरकायची, परत ठोकायची.

हात नाही, बोट नाही, शिकवायला कुणी नाही, आई तर तिनं पाहिलेलीही नसणार. आणि ही अवजार निवडून घेतेय.

“माझी आई रस्त्यावर खडी बसवायला धुम्मस मारते ना,” वेण्यांची मुलगी मातीला गाल लावून पुटपुटली, “तश्शी मारतेय.”

काम झाल्यावर माशीनं खडा टाकला. जागा अशी सपाट झाली होती की डोळा हलवला तर पुन्हा सापडू नये. मग ती उडून गेली.

साहेबांनी घसा खाकरला. “गुरुजी, या माशीचं नाव काय?”

वर्ग राहणार की जाणार ते या घडीवर होतं. साहेबानं विचारल्यावर उत्तर न देणारा मास्तर कुणी पाहिलाय? बाई पायरीवर बसून होत्या, त्यांनी ना मान हलवली ना डोळे.

“साहेब,” भोंगागुरुजी म्हणाले, आणि तो भोंगा इतका हळू वाजला की साहेबांना पुढं वाकावं लागलं, “तुम्ही काय काय पाहिलंत?”

साहेबांचा चेहरा आधी आक्रसला. मग ते सांगू लागले. अडखळत, पोरांसारखे. तिनं खडा दोनदा बदलला, हे बघितलंत का? आणि झाकण. झाकण तिनं आधीच लावून ठेवलं होतं की. अळी मेलेली होती का हो? मेलेली असती तर सडली असती ना आत? एक पोरगा म्हणाला मेलेली, दुसरा म्हणाला झोपवलेली, आणि साहेब त्या दोघांत पडून वाद घालू लागले. पोरांनी तिचं नाव धुम्मसवाली ठेवलं. साहेबांनी मान्य केलं.

निघताना ते बाईंजवळ आले. सदऱ्याच्या पुढं मातीचा हातभर डाग होता, तो त्यांनी झटकला नाही. खोली काही वाचवता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं; गठ्ठ्यांचा हुकूम वरचा आहे. पण वर्ग बंद होणार नाही, ते मी बघतो. अंगण तुमच्याकडे राहील, आणि पुढच्या तुकडीत आमच्या कचेरीतले चारजण पाठवतो, त्यांना जरा बसवा. बाईंनी विचारलं, पत्र्याशिवाय उन्हात चहा कुठं करायचा? साहेब म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. बाई म्हणाल्या, बघू.

गाडी गेली, मुलं गेली. भोंगागुरुजी अजून मातीतच बसले होते. म्हणाले, बाई, आता पाठ झाला. आता तरी नाव सांगा.

बाई त्या सपाट जागेपाशी आल्या. “गोत ठाऊक आहे. अळी झोपवलेलीच असते, आत अंडं घालून ठेवतात, पिल्लाला ताजं मिळावं म्हणून,” त्या म्हणाल्या. “पण ही मी कधी पाहिली नव्हती. हिला मोकळी जमीन लागते. मी या अंगणात कधी ठेवलीच नाही.”

एवढं बोलून त्यांनी भिंग काढलं, पदर कमरेला खोचला आणि त्या बोडक्या जमिनीवर पालथ्या पडल्या. ती परत येईल का, दुसरं घर खणेल का, बघायचं होतं. जेवणाची वेळ टळून गेली, डबे खोलीतच राहिले. त्यांच्या एका बाजूला भोंगागुरुजी आडवे झाले, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि कुणीही काहीही बोललं नाही.